कॉपी-प्रोटेक्शनचे चिवट ड्रायव्हर घरच्या कॉम्प्युटरवरून कसे काढावेत

गेम काढून टाकला, फोल्डर गेला, डेस्कटॉपवरचा आयकॉन गेला. मग सहज विंडोज सिक्युरिटीत जाऊन मेमरी इंटेग्रिटी (विंडोजचा गाभा घुसखोर कोडपासून जपणारी सोय) चालू करायला जावं, तर विंडोज नकार देतं आणि विसंगत ड्रायव्हरांच्या यादीत कुठलंतरी अगम्य नाव दाखवतं: एटीकेएसजीटी, एलआयआरएसजीटी. हे त्या काढून टाकलेल्या गेमच्या कॉपी-प्रोटेक्शनचे, म्हणजे चोरून प्रती बनू नयेत म्हणून घातलेल्या संरक्षणाचे, ड्रायव्हर. गेमचा अनइन्स्टॉलर त्यांना हातच लावत नाही, कारण तेच ड्रायव्हर दुसरा एखादा गेमही वापरत असू शकतो. म्हणून मूळ प्रोग्राम गेला तरी हे मागे राहतात, आणि तेही विंडोजच्या गाभ्यात, सगळे अधिकार घेऊन.

ते काढणं अवघड नाही, पण कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी परवाना परत करायचा, मग मूळ प्रोग्राम काढायचा, मग उपकरणांच्या फिल्टर-यादीत त्याचं नाव असेल तर ते काढायचं (ते कसं, हे पुढे येईल), मग ड्रायव्हर बंद करायचा, मग रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या, त्याच्या उरलेल्या नोंदी काढायच्या आणि फाइल सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: फाइल दिसली की आधी तीच उडवतो. मग डीव्हीडी ड्राइव्ह गायब होतो किंवा विंडोज सुरूच होत नाही.

एक सूचना आधीच. फाइलींची नावं आणि आदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. आणि हा लेख मागे राहिलेला कचरा काढण्यासाठी आहे. ड्रायव्हर काढल्यावर त्यावर अवलंबून असलेला गेम किंवा सॉफ्टवेअर चालणार नाही. ते अजून वापरायचं असेल तर इथेच थांबा.

आधी ओळख पटवा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एमएसइन्फो३२ लिहा. सिस्टीम इन्फर्मेशनची खिडकी उघडेल. तिथे सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंटखाली सिस्टीम ड्रायव्हर्स आहे. या यादीत ड्रायव्हरचं नाव, फाइलचा पत्ता, तो सुरू आहे की नाही, केव्हा सुरू होतो आणि एरर कंट्रोल असे रकाने असतात. संशयितासमोरचं सगळं कागदावर उतरवून घ्या. विशेषतः एरर कंट्रोल. तिथे क्रिटिकल असेल तर तो ड्रायव्हर सापडला नाही म्हणून विंडोज सुरू होणंच अडू शकतं. नॉर्मल किंवा इग्नोर असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही.

नेहमी भेटणारी मंडळी अशी. सेफडिस्कचा ड्रायव्हर एसईसीडीआरव्ही, म्हणजे सेक-ड्राइव्ह. स्टारफोर्सचे एसएफडीआरव्ही०१, एसएफएचएलपी०२, एसएफसिंक०२, एसएफव्हीएफएस०२. त्याच्या जुन्या पिढीचे प्रोडीआरव्ही०६, प्रोएचएलपी०२ आणि प्रोसिंक१. टाजेसचे एटीकेएसजीटी आणि एलआयआरएसजीटी ही जोडगोळी. सिक्युरॉमच्या सातव्या आवृत्तीत ड्रायव्हरऐवजी यूएसर्व्हिस७ नावाची सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, असते. डोंगलवर, म्हणजे यूएसबी चावीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे हार्डलॉक, एकेएसफ्रिज, एकेएसहॅस्प. उगाच शोधत बसू नये असं एक नाव म्हणजे डेनुव्हो. गेममधली फेरफार रोखणारं हे संरक्षण गेमच्या मुख्य फाइलीतच गुंफलेलं असतं, वेगळा ड्रायव्हर टाकत नाही. गेम गेला की तेही गेलं.

नावावरून खात्री होत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे मोफत साधन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ड्रायव्हर्सचा टॅब उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्या तपासण्याचा पर्याय चालू करा. शेकड्यांची यादी मोजक्या नोंदींवर येते, आणि प्रत्येकीपुढे कंपनीचं नाव असतं. पिवळ्या रंगातल्या नोंदी म्हणजे रजिस्ट्रीत नाव आहे पण फाइल जागेवर नाही. कुणीतरी आधीच अर्धवट साफसफाई केल्याची ती खूण.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून 'नॉन प्लग अँड प्ले ड्रायव्हर्स' उघडा, असा सल्ला जुन्या लेखांत मिळतो. तो विंडोज एक्सपी आणि ७ साठी बरोबर आहे. विंडोज ८ पासून ही शाखा तिथे दिसतच नाही, तेव्हा सापडली नाही म्हणून गोंधळू नका.

हात लावण्यापूर्वी

सिस्टीम रिस्टोअर पॉइंट बनवा. विंडोज १० आणि ११ मध्ये सिस्टीम प्रोटेक्शन बऱ्याचदा बंदच असतं, म्हणून 'क्रिएट' दाबण्याआधी सी ड्राइव्हसमोर 'ऑन' आहे का ते पाहा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून लिहून ठेवा, आणि ती याच कॉम्प्युटरवर ठेवू नका. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या क्षणी ती नसेल तर पुढचं सगळं ज्ञान वाया.

मग परवाना. ठरावीक कॉम्प्युटरवरच सक्रिय करता येणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या मेनूत 'डीअ‍ॅक्टिव्हेट' किंवा परवाना परत करण्याचा पर्याय शोधा आणि प्रोग्राम चालू स्थितीत असतानाच वापरा. आधी अनइन्स्टॉल केलं तर ती संधी अनेकदा निघून जाते आणि सर्व्हरच्या हिशेबात तुमची एक जागा अडकून राहते. सिक्युरॉम वापरणाऱ्या गेममध्ये तर हाच मोठा वादाचा मुद्दा होता. २००८ मध्ये आलेल्या स्पोअर या गेमला सुरुवातीला तीनच कॉम्प्युटरांची मर्यादा होती. ओरड झाल्यावर ती पाच केली गेली.

सोपा रस्ता आधी

सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समधून मूळ प्रोग्राम काढा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. त्यानंतर त्या संरक्षणाच्या निर्मात्याचं स्वतःचं काढणी-साधन वापरा. स्टारफोर्सने असं साधन दिलं होतं. टाजेसचा ड्रायव्हर बसवणारा सेटअपच पुन्हा चालवला की काढण्याचा पर्याय येतो. सेंटिनेल हॅस्प या डोंगलचं हॅस्पडीइन्स्ट हे आदेशावर चालतं: पुढे हायफन एफआर, हायफन केपी लिहायचं. पहिलं जबरदस्तीने काढण्यासाठी, दुसरं अडवून बसलेली प्रक्रिया बंद करण्यासाठी. त्याआधी यूएसबी चावी उपसून ठेवा. हॅस्पची सेवा खरंच गेली का, हे ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं पोर्ट १९४७ उघडून कळतं. तिचं नियंत्रण पान अजून दिसत असेल तर ती जिवंत आहे.

साधन निर्मात्याच्या किंवा गेमच्या प्रकाशकाच्या जागेवरूनच घ्या. 'सगळी संरक्षणं एका क्लिकमध्ये काढा' असं सांगणाऱ्या अनोळखी फाइलला ड्रायव्हर काढण्यासाठी पूर्ण अधिकार द्यावे लागतात. नको असलेला एक पाहुणा घालवायला चोराच्या हातात किल्ली देण्यासारखं आहे ते. अधिकृत साधन असलं तरी डोळे उघडे ठेवायचे, याचाही दाखला आहे. सोनी बीएमजीच्या ऑडिओ सीडींवरचं एक्ससीपी हे संरक्षण २००५ मध्ये उघडकीला आलं. ते काढण्यासाठी कंपनीने सुरुवातीला जी वेबवरची सोय दिली, तिने कॉम्प्युटरवर एक घटक मागे ठेवला, आणि त्याच्यामुळे कुठल्याही वेबपानाला त्या कॉम्प्युटरवर हवा तो कोड चालवता येत होता. रोग परवडला पण औषध नको अशी गत.

आता हाताने

निर्मात्याचं साधन मिळालं नाही किंवा चाललं नाही, तरच इथे या. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पॉवरशेल नको, आणि त्याचं कारण गमतीदार आहे. सेवा आणि ड्रायव्हर हाताळणाऱ्या आदेशाचं नाव एससी. पण विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये एससी हे फाइलीत मजकूर लिहिण्याच्या आदेशाचं टोपणनाव आहे. तिथे 'एससी डिलीट एसएफडीआरव्ही०१' असं लिहून एंटर मारलं तर काहीही तक्रार येत नाही. ड्रायव्हर निघाला असं वाटतं. प्रत्यक्षात चालू फोल्डरमध्ये 'डिलीट' नावाची एक फाइल तयार होते आणि तिच्यात 'एसएफडीआरव्ही०१' एवढं लिहिलेलं असतं. ड्रायव्हर जागच्या जागी. पॉवरशेलच वापरायचं असेल तर एससी डॉट ईएक्सई असं पूर्ण नाव लिहा.

पहिला आदेश पाहण्याचा: एससी, क्यूसी, मग ड्रायव्हरचं नाव. उत्तरात स्टार्ट टाइप येतो. ० म्हणजे बूट होतानाच, १ म्हणजे सिस्टीम उभी राहताना, २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे मागणीनुसार आणि ४ म्हणजे बंद. तो आकडा टिपून ठेवा. परत फिरायचं झालं तर हाच लागणार.

दुसरा आदेश बंद करण्याचा (तो देण्याआधी पुढचा फिल्टरचा भाग वाचा): एससी, कॉन्फिग, ड्रायव्हरचं नाव, स्टार्ट, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, मग एक जागा सोडून डिसेबल्ड. चिन्हाच्या आधी जागा नको, नंतर मात्र हवीच. ही जागा विसरली तर आदेश चालत नाही आणि वापराच्या सूचनांचा लांबलचक मजकूर पडद्यावर येतो.

आता कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि एक-दोन दिवस तसाच वापरा. लगेच डिलीट करण्याचा मोह टाळा. बंद केलेला ड्रायव्हर एका आदेशाने परत चालू करता येतो, काढलेला नाही. तेवढ्या दिवसांत सीडी ड्राइव्ह, कीबोर्ड, माउस, यूएसबी डिस्क, आवाज आणि झोपवलेला कॉम्प्युटर जागा होणं, हे सगळं एकदा तपासा. सगळं ठीक असेल तर एससी डिलीट आणि ड्रायव्हरचं नाव.

या टप्प्यावर भेटणारे त्रुटी क्रमांक थोडेच आहेत. ५ आला तर तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आलेला नाहीत. १०६० म्हणजे त्या नावाची सेवा नाही. बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं किंवा फाइलीचं नाव आणि सेवेचं नाव वेगळं असतं. १०५२ म्हणजे चालू असलेला हा ड्रायव्हर थांबण्याची आज्ञा मानत नाही. त्याला डिसेबल्ड करून रीस्टार्ट केलं की प्रश्न सुटतो. १०७२ म्हणजे काढण्यासाठी खूण झाली आहे, पण कुणीतरी अजून ती नोंद धरून बसलंय. सर्व्हिसेसची खिडकी आणि ऑटोरन्स बंद करा, तरीही नाही जमलं तर रीस्टार्ट.

इथेच ड्राइव्ह गायब होतात

ड्रायव्हर बंद करण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि घोळ बहुतेक तिथेच होतो: फिल्टर. डिस्क किंवा सीडी ड्राइव्हकडे जाणारी प्रत्येक विनंती एकावर एक रचलेल्या ड्रायव्हरांमधून खाली उतरते. काही संरक्षणं स्वतःला या उतरंडीत मध्ये घुसवतात, म्हणजे डिस्कवरून काय वाचलं जातंय ते त्यांना दिसतं. ही रचना रजिस्ट्रीत अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदींत लिहिलेली असते. उपकरण सुरू करताना विंडोज या यादीतला प्रत्येक ड्रायव्हर शोधतं. एक जरी मिळाला नाही, तर पूर्ण उतरंड कोसळते आणि चांगलं धडधाकट उपकरण पिवळ्या उद्गारचिन्हासह डिव्हाइस मॅनेजरमध्ये पडून राहतं, कोड १९ किंवा ३९ दाखवत. म्हणून फाइल किंवा सेवा जाण्याआधी यादीतलं नाव गेलं पाहिजे.

रेगएडिट, म्हणजे रजिस्ट्री पाहण्याचा आणि बदलण्याचा प्रोग्राम, उघडा. एचकेएलएम (पडद्यावर एचकेईवाय लोकल मशीन असं पूर्ण नाव दिसतं), सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने जा. तिथे महिरपी कंसातली लांबलचक नावं दिसतील. हे फोल्डरसारखे कप्पे, रजिस्ट्रीच्या भाषेत किल्ल्या. सीडी आणि डीव्हीडीचा वर्ग ४डी३६ई९६५ ने सुरू होतो. शेवटचा अंक नीट वाचा, कारण ४डी३६ई९६७ हा हार्ड डिस्कचा वर्ग आहे, ९६बी कीबोर्डचा आणि ९६एफ माउसचा. सीडीच्या वर्गाच्या किल्लीवर उजवं क्लिक करून एक्सपोर्ट घ्या, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा.

सीडीच्या वर्गात उजवीकडे अपरफिल्टर्स किंवा लोअरफिल्टर्स दिसलं तर ते दोनदा क्लिक करून उघडा. आत एका ओळीत एक नाव असतं. फक्त त्या संरक्षणाच्या ड्रायव्हरची ओळ काढा. बाकीच्या ओळी जशाच्या तशा. गियरअ‍ॅस्पी असं काही दिसलं तर ते सीडी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरचं असतं, त्याचा या भानगडीशी संबंध नाही. यादीत एकच ओळ असेल आणि तीच काढायची असेल, तर रिकामी नोंद ठेवण्याऐवजी ती पूर्ण नोंद काढा.

'अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स दोन्ही डिलीट करा' हा सरसकट उपाय फक्त सीडीच्या वर्गापुरता खपून जातो. कीबोर्डच्या वर्गात केबीडीक्लास आणि माउसच्या वर्गात माउक्लास ही विंडोजची स्वतःची नावं त्याच नोंदीत असतात. ती गेली की पुढच्या वेळी पासवर्ड टाकायला कीबोर्डच नाही. हार्ड डिस्कच्या वर्गातलं पार्टएमजीआर काढलं तर निळा पडदा आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

एक्ससीपी या बाबतीत सगळ्यात वाईट नमुना होतं. विंडोज एक्सपीच्या काळातलं ते प्रकरण, पण जुना कॉम्प्युटर धूळ झटकून चालू केलात तर अजून भेटू शकतं. नावाची सुरुवात 'डॉलर-सिस-डॉलर' अशी असलेली प्रत्येक फाइल, फोल्डर आणि रजिस्ट्रीची किल्ली ते लपवायचं. तपासणी सोपी: नोटपॅडमध्ये एक फाइल बनवून तिचं नाव तसं ठेवा. ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली तर एक्ससीपी कामावर आहे. लपवण्याचं काम एरीस नावाचा ड्रायव्हर करायचा. क्रेटर हा सीडी ड्राइव्हवर आणि कॉर हा आयडीई चॅनलवर (डिस्क जोडण्याच्या जुन्या वाटेवर) फिल्टर म्हणून बसलेला असायचा. सेफ मोडमध्येही ते लोड व्हायचे, त्यामुळे 'सेफ मोडमध्ये जाऊन फाइल उडवा' हा नेहमीचा सल्लाही फसायचा. सिसइंटर्नल्सची साधनं बनवणारे मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे सगळं उघड केलं. त्यांच्यासारख्या जाणकारानेही फाइली काढल्यावर त्यांचा सीडी ड्राइव्ह गेला, आणि फिल्टरच्या नोंदी साफ केल्यावरच परत आला.

फाइल, आणि न निघणाऱ्या किल्ल्या

आता सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जा. फाइल डिलीट करू नका, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. एमएसइन्फोमध्ये पत्ता होता पण फाइल दिसत नाही असं झालं, तर तुम्ही ३२ बिटचा फाइल मॅनेजर वापरताय का पाहा. ६४ बिट विंडोज अशा प्रोग्रामला सिस्टीम३२ ऐवजी गुपचूप सिसवाव६४ दाखवतं. विंडोजचा स्वतःचा एक्सप्लोरर वापरला की फाइल दिसेल.

डोंगलचे ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्येही एक प्रत ठेवतात, म्हणून चावी लावली की पुन्हा हजर होतात. पीएनपीयूटिल, स्लॅश एनम-ड्रायव्हर्स असं लिहिल्यावर येणाऱ्या यादीत त्या कंपनीचं नाव शोधा. तिथे ओईएम१२ डॉट आयएनएफ असं काहीतरी नाव मिळेल. मग पीएनपीयूटिल, स्लॅश डिलीट-ड्रायव्हर, ते नाव, स्लॅश अनइन्स्टॉल. आकडा दोनदा तपासा. ओईएम१२ आणि ओईएम२१ मध्ये गल्लत झाली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जायचा.

सिक्युरॉमच्या बाबतीत रजिस्ट्रीत अशी किल्ली दिसते जी उघडत नाही आणि निघतही नाही. तिच्या नावातच 'कधीही काढू किंवा बदलू नका' असा इशारा लिहिलेला असतो. रेगएडिट प्रत्येक वेळी त्रुटी देतं. युक्ती अशी की नावात शून्य अक्षर (न दिसणारं, किंमत शून्य असलेलं अक्षर) घातलेलं आहे. रेगएडिट ज्या मार्गाने रजिस्ट्री वाचतं तिथे शून्य अक्षर आलं की नाव संपलं असं मानतात. विंडोजचा गाभा मात्र नावाची लांबी मोजतो. त्यामुळे रेगएडिट भलत्याच, अस्तित्वात नसलेल्या किल्लीचं नाव मागत राहतं. सिसइंटर्नल्सचं रेगडेलनल हे साधन अशा किल्ल्या शोधून एकेक विचारत काढतं: रेगडेलनल, एचकेसीयू, हायफन एस. पण खरं सांगायचं तर या किल्ल्यांकडे दुर्लक्ष केलेलं बरं. त्या नुसत्या नोंदी आहेत, काही चालवत नाहीत. आणि सिक्युरॉम वापरणारा दुसरा गेम असेल तर त्याचा परवानाही याच जागी असू शकतो.

बूटच झालं नाही तर

सुरू होताना दोन-तीनदा पॉवर तोडली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. आधी तिथला सिस्टीम रिस्टोअर करून पाहा. तो अपयशी ठरला तर कमांड प्रॉम्प्ट उघडून रेगएडिट चालवा. हे रेगएडिट दुरुस्ती-पर्यावरणाची रजिस्ट्री दाखवतं, तुमची नव्हे, हे विसरू नका. एचकेएलएम निवडून फाइल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची एक फाइल) घ्या आणि तुमच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टीम३२, कॉन्फिग इथली सिस्टीम ही फाइल उघडा. ड्राइव्हचं अक्षर सी ऐवजी डी असू शकतं. इथे करंटकंट्रोलसेट नसतो. सिलेक्ट या किल्लीतला करंटचा आकडा पाहा. १ असेल तर कंट्रोलसेट००१. त्यात ड्रायव्हरचा स्टार्ट आकडा किंवा फिल्टरची ओळ पूर्ववत करा, हलवलेली फाइल परत जागेवर आणा, अनलोड हाइव्ह करून रीस्टार्ट.

सेक-ड्राइव्हसाठी हा खटाटोप नको. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने तो दिलेलाच नाही, आणि व्हिस्टा, ७ व ८ वर सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो बंद करून ठेवला. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमधल्या भगदाडातून साध्या वापरकर्त्याला पूर्ण अधिकार मिळवता येत होते. एससी क्यूसीने स्टार्ट टाइप ४ दाखवला की काम झालेलं आहे. ३ किंवा २ असेल तर कुणीतरी जुन्या गेमसाठी तो पुन्हा चालू केलेला आहे. डिसेबल्ड करा आणि फाइल तिथेच राहू द्या.

हलवून ठेवलेल्या फाइली दोनेक आठवडे सांभाळा. दरम्यान मेमरी इंटेग्रिटी चालू करून रीस्टार्ट करा. विसंगत ड्रायव्हरांच्या यादीत जुनं नाव अजून येत असेल तर फाइल ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये किंवा ड्रायव्हर स्टोअरमध्ये शिल्लक आहे. यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की ओईएमचा नेमका क्रमांकही कळतो.